१४४१६ टेलिमानस : अभ्यासिकेतल्या पोरापोरींसाठी माझा सविस्तर अनुभव

पाचपैकी किती स्टार ते आधीच सांगते, साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, पण ज्याला आत्ता वाचत बसायचंही बळ नाहीये त्याने पुढचं काही वाचू नका, सरळ १४४१६ लावा, ही टेलिमानस नावाची सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर नाही लागला तर १८०० ८९१ ४४१६, तोही टोल फ्री. बाकीचं माझं पुराण नंतर वाचा.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. मी परभणी जिल्ह्यातली, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन राहते, एमपीएससीच्या राज्यसेवा आणि कम्बाईन दोन्ही परीक्षांची तयारी. पेठेत राहणाऱ्यांना पुढचं वेगळं सांगायला नको, सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, परत अभ्यासिका, रात्री शास्त्री रोडला चहा आणि त्या चहावर कटऑफ किती लागेल याची चर्चा. टेलिमानस आपल्या सगळ्यांना पाठच असतं. सुरुवात १० ऑक्टोबर २०२२, त्या दिवशी जागतिक मानसिक आरोग्य दिन, नोडल संस्था म्हणजे सगळं सांभाळणारी मुख्य संस्था बेंगळुरूची निम्हान्स, मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था. माझ्या चालू घडामोडींच्या वहीत हे हिरव्या पेनाने लिहिलेलं आहे आणि त्याच्या खालीच मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू २९ मे २०१८. एका मार्काचा प्रश्न म्हणून लिहून ठेवलं होतं, रात्री आपल्याला स्वतःला लावायचा नंबर म्हणून नाही.

मेन्सचा निकाल आला आणि त्यात नाव नव्हतं, हे काही नवीन नाही, इथे हजारोंचं होतं. पण यावेळी मी त्यातून उठलेच नाही. रात्री तीनला जाग यायची आणि मग झोप नाही, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं व्हायचं. लक्ष्मीकांतचं राज्यघटनेचं पुस्तक उघडून बसायचे आणि तेच पान, मूलभूत हक्कांचं, परत परत तेच पान, ओळी दिसायच्या पण आत काही जायचं नाही. मेसचा डबा तसाच. आईचा फोन वाजत राहायचा आणि मी स्क्रीनकडे बघत बसायचे, कारण उचलला की ती विचारणार, काय करायलीस, जेवलीस का, आणि आवाज ऐकला की तिला कळणार. हे आळशीपणामुळे होत नव्हतं हे मला आता कळतंय, तेव्हा मात्र आजूबाजूला सगळे हेच सांगायचे की थोडं मन घट्ट कर, दोन दिवस गावाकडे जाऊन ये, योगा कर. सांगणारी माणसं वाईट नव्हती, त्यांना माझी काळजीच होती, पण त्या बोलण्याने रात्रीचे तीन काही टळत नव्हते.

माझी रूममेट नांदेडची आहे, तिने एका रात्री माझी वही उघडून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, अगं तूच लिहिलंयस की हे, लाव ना मग. एवढंच. ती लेक्चर देत बसली नाही हे तिचे उपकार.

आता कॉलचं सांगते, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते, की लावला तर नक्की काय होतं.

पहिली अडचण जागेची. पेठेत एकट्याने रडत फोनवर बोलायला जागा कुठे आहे, रूमवर चौघी, अभ्यासिकेत टाचणी पडली तरी लोक वळून बघतात, जिन्यात मालकीणबाई. मी नदीपात्रातल्या रस्त्याने ओंकारेश्वराच्या बाजूला गेले आणि तिथे एका कट्ट्यावर बसले, संध्याकाळची वेळ, गाड्यांचा आवाज बराच असतो तिथे, तो मला बरा वाटला कारण आपलं बोलणं कोणाला ऐकू जात नाही. आधी रेकॉर्डिंग लागतं, भाषा निवडायची, मी मराठी निवडलं. मग एका बाईंनी उचलला. नमस्कार वगैरे झालं आणि त्या म्हणाल्या, बोला ताई. आणि मला बोलताच येईना. एक शब्द नाही. मला वाटलं आता या म्हणतील हॅलो हॅलो आवाज येतोय का आणि ठेवून देतील. त्या म्हणाल्या, सावकाश, घाई नाही, मी लाईनवर आहे. आणि खरंच थांबल्या. मला जे रडू आलं ते त्यांनी येऊ दिलं, मध्ये कुठेही रडू नका म्हणाल्या नाहीत. हा अर्धा मिनिट असेल नाहीतर दोन मिनिटं असतील, पण या सर्व्हिसचं मी जे काही कौतुक करतेय त्यातलं निम्मं तरी तेवढ्या वेळाचं आहे, कारण त्याआधी किती दिवसात माझ्यासमोर कोणी असं नुसतं थांबलं नव्हतं.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. नाव विचारलं, मी फक्त पहिलं नाव सांगितलं, त्यांनी आडनावाचा आग्रह धरला नाही. झोप किती दिवसांपासून नाही, जेवण कसं आहे, वजन उतरलंय का, आधी आवडायच्या त्या गोष्टी आता आवडतात का, घरात कोणाला असा त्रास होता का, काही औषधं चालू आहेत का, दारू सिगरेट. आणि मग एकदम सरळ विचारलं, जगू नये, मरून जावं असे विचार येतात का? मी हो म्हणाले. हे मी रूममेटलाही सांगितलं नव्हतं. त्यांचा आवाज जराही बदलला नाही, घाबरल्या नाहीत, असं कशाला बोलता म्हणाल्या नाहीत. पुढचा प्रश्न विचारला, त्यासाठी काही करायचं ठरवलंय का, काही जवळ आणून ठेवलंय का. मी नाही म्हणाले आणि ते खरं होतं. मग म्हणाल्या, आज रात्री तुमच्यासोबत कोण आहे?

हे मला इथे मुद्दाम लिहायचंय, कारण आपल्याकडे लोकांना वाटतं की असं थेट विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात नसलेला विचार येईल. तसं होत नाही, तज्ज्ञही हेच सांगतात की विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. मला तर अक्षरशः सुटल्यासारखं झालं. तुमच्या रूमवर कोणी गप्प गप्प झालं असेल तर गोल गोल न फिरता विचारा. आणि उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच्यासमोर बसूनच १४४१६ लावा, आणि प्रसंग हातघाईचा असेल तर वाट न बघता ११२ किंवा १०८.

त्यांनी मला त्या रात्रीसाठी दोनच कामं दिली. एक, रूममेटला सगळं नाही तर थोडं तरी सांगायचं. दुसरं, झोप किती वाजता लागते त्याची चिंता सोडायची पण सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची आणि दुपारी झोपायचं नाही. अभ्यासाचं टाईमटेबल दिलं नाही, तुम्ही करू शकता, हार मानू नका असलं काही नाही. मला ते फार आवडलं, कारण मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघून बघून माझी अवस्था आणखी वाईट झाली होती. आणि म्हणाल्या की तुम्ही जे सांगताय त्यावरून डॉक्टरांना एकदा दाखवायला पाहिजे, नुसत्या फोनवर हे सोडून देऊ नका, पुण्यात आहात तर ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे जा. त्या कॉलवर माझं काही पूर्ण बरं झालं नाही आणि तशी कोणी अपेक्षाही ठेवू नये, पण कॉल ठेवल्यावर मला उद्या काय करायचंय ते माहीत होतं.

आता अर्धा स्टार. फोन हा शेवटी फोन आहे. परत लावला की दुसरं कोणीतरी उचलणार, आपल्याला परत पहिल्यापासून सांगावं लागू शकतं, आठवडा न् आठवडा एकाच माणसाशी बोलत बरं व्हायचं असेल तर ते या नंबरचं काम नाही. पहिल्या पायरीसाठी, रात्री अपरात्री जीव घाबरा होतो त्यासाठी, आणि मला नक्की कुठल्या डॉक्टरकडे जायला पाहिजे हे कळत नाही त्यासाठी याच्याइतकं चांगलं काही नाही. देशभरातून यावर २० लाखांच्या वर कॉल गेलेत म्हणजे लोक लावतायत, आपण काही जगावेगळं करत नाहीये.

ससूनचं पण थोडं सांगते कारण बरेच जण तिथेच अडकतात. डेक्कनवरून मेट्रो पकडली की पुणे स्टेशनला उतरायचं, तिथून जवळच. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, खिडकीवर मानसोपचार म्हणायचं. तेवढा एक शब्द म्हणताना माझ्या घशाला कोरड पडली होती, मागे लाईन, सगळे ऐकणार, पण खिडकीवरच्या माणसाने वर बघितलंही नाही, त्याच्यासाठी ते हाडांचा विभाग म्हटल्यासारखंच होतं. बाहेर बसलेल्यांमध्ये एक आजोबा होते, एक कॉलेजची मुलगी आईसोबत, एक पोलीस युनिफॉर्ममध्ये, एक बाई कडेवर लेकरू घेऊन. गर्दी असते, सरकारी दवाखाना आहे, वेळ काढून जा, पाण्याची बाटली ठेवा. खर्च मात्र खाजगीच्या मानाने काहीच नाही.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं, थायरॉईड, बी ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन, डी जीवनसत्त्व. मला वाटलं मनाचं आणि याचं काय, तर थायरॉईड कमी असलं किंवा बी ट्वेल्व्ह उतरलेलं असलं तरी असाच थकवा, असंच उदास, असंच लक्ष न लागणं होऊ शकतं, म्हणून ते आधी बघतात. माझं बी ट्वेल्व्ह चांगलंच कमी निघालं. मेसवर जगणाऱ्या शाकाहारी पोरापोरींनो, हे वाचा, बी ट्वेल्व्ह हे मुख्यतः दूध, अंडी, मांस मासे यातून मिळतं आणि आपल्या मेसच्या डब्यात बटाटा, डाळ, चपाती असते, दूध चहातलं तेवढंच. नुसतं तेवढ्यानेच माझं सगळं झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, डिप्रेशन आहे हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि गोळीही दिली.

गोळीबद्दल पेठेत काय काय ऐकू येतं, सवय लागते, डोकं सुन्न होतं, मग अभ्यास संपला. मला डॉक्टरांनी जे समजावलं ते असं की या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आधी पोटात मळमळ, डोकं दुखणं असलं थोडं होऊ शकतं आणि ते बहुतेकांचं पहिल्या काही दिवसात कमी होतं, आणि बरं वाटायला लागलं की आपल्या मनाने बंद करायची नाही, एकदम बंद केली तर त्रास होतो, कमी करत करत थांबवायची ते डॉक्टर ठरवतात. सुरुवातीच्या काळात विचार वाढले, अस्वस्थपणा वाढला तर लगेच येऊन सांगायचं. झोपेच्या गोळ्यांची सवय लागू शकते, त्या वेगळ्या, सगळ्या एकात धरू नका. आणि गोळी देणारे ते मानसोपचारतज्ज्ञ, एमबीबीएस करून पुढे एमडी झालेले, आणि बोलून उपचार करणारे ते मानसशास्त्रज्ञ, त्यातले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणारे असतील तर त्यांची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, विचारायला लाजू नका, चांगला माणूस लगेच दाखवतो.

हे सांगायचं कारण म्हणजे मी ससूनच्या आधी एका खाजगी ॲपचे पैसे भरून बसले होते, नाव लिहीत नाही. मेसचे पैसे बाजूला काढून पॅकेज घेतलं, समोर आलेल्या व्यक्तीचं शिक्षण कुठेच लिहिलेलं नव्हतं, तिने मला हिंदीत सांगितलं की सकाळी उठून आरशात स्वतःला म्हणा मी सक्सेसफुल आहे. रिफंड मागितला तर चॅटवर रोबो. मराठवाड्यातून आलेल्या पोरीने साठवलेले पैसे होते ते, मला आजही राग आहे. खाजगीत चांगले लोक पुण्यात भरपूर आहेत, सेशनला हजार, दीड हजार, त्याहून जास्तही घेतात, ज्याला परवडतं त्याने जरूर जावं, पण पैसे देण्याआधी समोरचा कोण आहे ते बघा.

आता अभ्यासिकेतला नेहमीचा प्रश्न, रेकॉर्डवर येईल का, उद्या पोस्ट निघाली आणि मेडिकल, व्हेरिफिकेशनमध्ये निघालं तर. या भीतीपायी लोक वर्ष वर्ष अंगावर काढतात. तोच २०१७ चा कायदा परत काढा, त्यात कलम २३ आहे, तुमच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गोपनीय ठेवायचा तुमचा हक्क, काही मोजके अपवाद सोडले तर दवाखान्याने ती कोणाला द्यायची नाही. कलम २१ मध्ये आहे की आरोग्य विमा देणाऱ्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरायचं. आणि कलम ११५, ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो प्रचंड ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घ्यायची जबाबदारी सरकारची. आपण हे पेपरसाठी रट्टा मारतो, पण हे आपल्याच अंगावरचं पांघरूण आहे हो.

पुण्यात अजून काही आहेत ते पटकन सांगते. कनेक्टिंग म्हणून ट्रस्ट आहे, त्यांची हेल्पलाईन आहे, ट्रेनिंग घेतलेले स्वयंसेवक असतात, ते सल्ला देत नाहीत, ऐकतात, दुपारी १२ ते रात्री ८. माझ्या शेजारच्या डेस्कवरचे एक सर तिथे बोलतात आणि त्यांना तेच बरं वाटतं, डॉक्टर नको होते त्यांना तेव्हा. दारूचं असेल तर मुक्तांगण, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, तिथे घरच्यांनाही सोबत घेतात. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, त्यांचे स्वमदत गट असतात, सांभाळणाऱ्या माणसांसाठी पण, आणि सांभाळणाऱ्याला कोणी विचारत नाही हे मी आमच्या गावात बघितलंय.

आणि घरच्यांचं. मी आईला शेवटी सांगितलं, फोनवर नाही, ती पुण्याला आली तेव्हा. ती घाबरली, देवऋषाकडे जाऊ म्हणाली, मी वाद घातला नाही, तू देवाला नारळ वाढव, मी गोळी घेते म्हटलं. पण गावी गेल्यावर तिने स्वतः दादाच्या फोनवरून १४४१६ लावला. हे मला माहीतच नव्हतं की घरचे पण लावू शकतात, माझ्या लेकीला असं असं झालंय, मी तिच्याशी कसं बोलू असं तिने विचारलं, आपल्या बोलीत, आणि त्यांनी तिला सांगितलं की रोज अभ्यासाचं विचारू नका, निकालाचं तर नाहीच, इकडचं तिकडचं बोला, गप्प बसली तर तुम्ही पण थोडं गप्प बसा. तेव्हापासून तिचा फोन आला की म्हशीने किती दूध दिलं, आत्याच्या घराचा स्लॅब पडला का, हेच. मी आता फोन उचलते.

माझं अजून चालू आहे, गोळी चालू आहे, काही दिवस अजूनही जड जातात, अभ्यास सुरू केलाय पण रात्री जागून नाही. ज्याला पहिला कॉल लावायचा धीर होत नाहीये त्याने पहिलं वाक्य कागदावर लिहून घ्या, मला झोप येत नाही, एवढं पण चालतं, पुढचं ते विचारतात. आणि पेठेतल्या कोणाला ससूनला पहिल्यांदा एकटं जायचं नसेल तर मला मेसेज टाका, मुलगा असो मुलगी असो, आदल्या रात्री सांगितलं तर मी सकाळची अभ्यासिका सोडून सोबत येते.